घरातील इंटरनेट दूरध्वनी : राउटरची जागा आणि विजेची सोय

यवतमाळ हा विदर्भातील विस्तीर्ण जिल्ह्यांपैकी एक होय. सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर क्षेत्र, १६ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजारांवर लोकसंख्या असा या जिल्ह्याचा पसारा आहे. एकीकडे वर्धा आणि दुसरीकडे पैनगंगा या नद्यांच्या मधल्या या मुलखात कापसाची काळी राने आहेत, तसेच सागाच्या जंगलांनी वेढलेल्या टेकड्याही आहेत. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम पोड असोत की पुसद, उमरखेड, महागाव भागातील तांडे असोत, वस्ती विखुरलेली आहे आणि मधली अंतरे मोठी आहेत. अशा ठिकाणी दूरध्वनी हे चैनीचे साधन राहत नाही. रात्री कोणास सर्पदंश झाला, एखाद्या गर्भवतीस अवेळी कळा सुरू झाल्या, तर घर आणि रुग्णालय यांच्यामधला पहिला दुवा तोच असतो.

भ्रमणध्वनीने ही गरज बऱ्याच अंशी भागविली आहे. तरीही अनेक गावांत एक अनुभव सर्वपरिचित आहे : मोबाइलची घंटी अंगणात वाजते, माजघरात वाजत नाही. बोलायचे झाल्यास माणूस ओसरीवर, गच्चीवर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. दूरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या रेडिओ लहरी आधीच क्षीण झालेल्या असतात. टिनपत्र्याचे छप्पर त्यांना परतवून लावते, जाड मातीच्या भिंती त्यांना शोषून घेतात आणि घरकुलाच्या सिमेंट-लोखंडी स्लॅबखाली तर त्या जेमतेमच पोचतात. या अडचणीवरील एक उपाय म्हणजे घरात आलेल्या इंटरनेट जोडणीवरूनच दूरध्वनी चालविणे. त्याची मांडणी कशी करावी, आणि मुख्य म्हणजे ती कोठे दगा देते, याचा विचार या लेखात केला आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने यातील बहुतेक गोष्टी त्यास चुका करूनच समजल्या आहेत. वाचकांनी त्या चुकांचा लाभ घ्यावा.

मुंबईत १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्र सुरू झाले, तेव्हापासून शंभरावर वर्षे आवाज तांब्याच्या तारेवरूनच घरात येत होता. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे छोटे स्वयंचलित केंद्र तयार केले आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकातील कित्तूर येथे कार्यान्वित झाले. वातानुकूलनाशिवाय, आपल्याकडील धूळ आणि उष्मा सोसून ते चालावे, ही त्याच्या रचनेमागील दृष्टी होती. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली आहे, कारण आज आपण घराच्या भिंतीवर जे लहानसे राउटर टांगतो ते एका अर्थी छोटे दूरध्वनी केंद्रच असते. परंतु त्याची काळजी घेणारा कर्मचारी तेथे नसतो. ते काम गृहस्वामीकडे आलेले आहे.

गावोगावी इंटरनेट पोचविण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मंजुरी दिली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती काचतंतूंच्या तारेने जोडण्याची ही योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्यातील कामे महानेट या नावाने हाती घेण्यात आली. तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या खेड्यांत सरकारी व खाजगी सेवादारांच्या काचतंतू जोडण्या आता घरोघरी दिसतात. कायद्याच्या बाजूनेही मार्ग मोकळा झाला आहे. जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटींत सुधारणा करून इंटरनेटवरील दूरध्वनी सेवेबाबतची संदिग्धता दूर केली आणि डिसेंबर २०१९ पासून वाय-फायवरून नेहमीच्याच क्रमांकाने बोलण्याची सोय मोबाइल कंपन्यांनी देशात सुरू केली.

तीन प्रकार, तीन स्वभाव

'इंटरनेट फोन' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी मोडतात आणि त्यांची गल्लत झाल्यास ऐन वेळी घोटाळा होतो.

पहिला प्रकार म्हणजे काचतंतूवरील घरगुती दूरध्वनी. तंतू घरातील ज्या पेटीत येऊन संपतो, तिला सामान्यतः ओएनटी म्हणतात, त्या पेटीवरच दूरध्वनीचे एक खोबण असते. जुना तारेचा दूरध्वनी संच त्यात जोडला की तो पूर्वीसारखाच वाजतो. त्याला स्वतंत्र क्रमांक असतो. दुसरा प्रकार म्हणजे वाय-फाय कॉलिंग. येथे संच आपला मोबाइलच, क्रमांकही तोच; केवळ मनोऱ्याऐवजी घरातील राउटरमार्फत संभाषण कंपनीच्या जाळ्यात पोचते. मोबाइल ही सोय असलेला हवा आणि त्याच्या सेटिंगमध्ये ती चालू केलेली हवी. तिसरा प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरील बोलणे. पुण्यात शिकणाऱ्या मुलीशी किंवा आखातात गेलेल्या भावाशी बोलण्यास ते उत्तम. पण त्यावरून १०८ किंवा ११२ हे क्रमांक लागत नाहीत. शिक्षकांनी ही एवढी एक गोष्ट जरी वर्गात सांगितली तरी ती घरोघरी पोचेल.

आवाज कसा जातो

संभाषण सुरू असता आपला आवाज अंकांत रूपांतरित होतो आणि त्याचे बारीक तुकडे पाडले जातात. साधारणतः सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आवाज एका पाकिटात बसतो, म्हणजे दर सेकंदाला ५० पाकिटे रवाना होतात. रूढ पद्धतीत एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ९० किलोबिट एवढीच वहनक्षमता लागते. दहा मेगाबिटची साधी जोडणी यापेक्षा शंभरपट मोठी आहे. तेव्हा आवाज तुटतो म्हणून अधिक वेगाची, अधिक महाग योजना घेणे हा बहुधा चुकीचा उपाय ठरतो.

अडते ते वेळेवर. पत्र एक दिवस उशिरा आले तरी वाचता येते. आवाजाचे पाकीट उशिरा आले तर ते टाकूनच द्यावे लागते, कारण तोवर वाक्य पुढे गेलेले असते. तोंडातून निघालेला शब्द समोरच्याच्या कानी १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. विलंब फार वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि संभाषणाची गाडी रुळावरून घसरते. पाकिटे कधी लवकर, कधी उशिरा अशी अनियमित आली तर आवाज चिरकतो. हा विलंब आणि ही अनियमितता पुष्कळदा आपल्या घरातच, राउटर आणि हातातील मोबाइल यांच्यामधल्या दहा-पंधरा फुटांत उत्पन्न होते.

जागेची निवड

जोडणी करणारा कारागीर तंतू जेथून घरात सहज येतो तेथेच पेटी बसवून निघून जातो. ती जागा त्याच्या सोयीची असते. आमच्या यवतमाळच्या घरी राउटर प्रथम लोखंडी कपाटावर, भिंतीकडे सरकवून ठेवला होता, कारण तेथे तो दिसत नव्हता. स्वयंपाकघरात बोलणे अशक्य होते. कपाटावरून काढून तो मधल्या खोलीत, दाराच्या चौकटीच्या उंचीवर लावला आणि एक पैसाही खर्च न होता तक्रार मिटली. धातू रेडिओ लहरींना अडवितो, हे शालेय विज्ञान आम्ही विसरलो होतो.

राउटर घराच्या मध्यभागी, पाच-सहा फूट उंचीवर, मोकळा असावा. आरसा, फ्रिज, धान्याची पत्र्याची कोठी आणि पाण्याची टाकी यांच्या आड तो ठेवू नये. विदर्भातील वाचकांना आणखी एक सूचना करणे अगत्याचे आहे, ती कूलरविषयी. मार्च ते जून खिडकीत बसणारा पत्र्याचा कूलर म्हणजे धातूची पेटी आणि तिच्यात पाण्याचा साठा. राउटर आणि बसण्याची जागा यांच्या मधोमध तो आल्यास हिवाळ्यात ठीक चालणारा फोन उन्हाळ्यात बिघडतो आणि दोष मात्र सेवादारास दिला जातो. शिवाय कूलर सुरू होताना विजेचा दाब क्षणभर उतरतो आणि त्याच फळीवरील राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून दोघांच्या खोबणी वेगळ्या असाव्यात.

उष्णतेचेही भान ठेवावे. घरगुती राउटर बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही अधिक. राउटर पत्र्यालगत टांगू नये आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर कापड झाकण्याचा मोहही टाळावा. कापूस वेचणीनंतर भाव येईपर्यंत कित्येक घरांत कापूस खोलीतच भरून ठेवतात. त्या खोलीत राउटर, त्याचा अडॅप्टर किंवा विजेची जादा फळी मुळीच नसावी. येथे प्रश्न आवाजाचा राहत नाही, आगीचा होतो.

राउटर दोन पट्ट्यांत काम करतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडून लांब जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण एकदोन भिंतींतच थकते. जाड भिंतींच्या वाड्यात किंवा अंगणापलीकडच्या खोलीत पहिली उपयोगी, तर एकाच खोलीत बसून बोलायचे तर दुसरी अधिक स्वच्छ. २.४ च्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर एकमेकांत मिसळू लागले तर १, ६ आणि ११ या तीन मार्गिकांपैकी कमी गर्दीची निवडावी; या तीन परस्परांवर चढत नाहीत. आकाशवाणी संचासाठी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरावे लागे, ते दिवस ज्येष्ठ वाचकांना स्मरत असतील. अल्पशक्तीच्या २.४ गिगाहर्ट्झ उपकरणांना २००५ च्या नियमांनी अशा परवान्यातून मुक्त केले आहे. म्हणूनच त्या पट्ट्यात एवढी गर्दी आहे.

थोडी अंतर्गत व्यवस्था

राउटरच्या मागे चिकटविलेल्या चिठ्ठीवर एक पत्ता आणि प्रवेशाचे मूळ नाव व परवलीचा शब्द छापलेला असतो. मोबाइलवरून तो पत्ता उघडल्यास राउटरची अंतर्गत व्यवस्था दिसते. तेथे सर्वप्रथम दोन्ही परवलीचे शब्द बदलावेत : एक वाय-फायचा आणि दुसरा खुद्द या व्यवस्थेत शिरण्याचा. दुसरा बदलायचे बहुतेकांच्या ध्यानीच येत नाही. सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. पाहुण्यांना व शेजारच्या मुलांना इंटरनेट द्यायचे तर 'गेस्ट' नावाचे वेगळे जाळे चालू करावे, म्हणजे घरचा शब्द गावभर होत नाही. आपल्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले तर चौकशी प्रथम जोडणीधारकाकडे येते.

घरात कोणी मोठी चित्रफीत वर चढवीत असता फोनचा आवाज तुटत असेल, तर ते रांगेचे दुखणे होय. चित्रफितीची हजारो पाकिटे दारात उभी असतात आणि आवाजाचे पाकीट त्यांच्या मागे अडकते. पुष्कळ राउटरमध्ये 'क्यूओएस' या नावाने प्राधान्यक्रम ठरविता येतो. तेथे आवाजास पहिले स्थान द्यावे. स्वतंत्र इंटरनेट दूरध्वनी संच किंवा तसे ॲप वापरणाऱ्यांना कधी कधी एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. अशा वेळी राउटरमधील 'एसआयपी एएलजी' ही सोय बंद करून पाहावी. मदतीसाठी योजलेली ही सोय बऱ्याचदा अडथळाच ठरते. वाय-फाय कॉलिंगमध्ये 'वाय-फायला प्राधान्य' हा पर्याय मोबाइलमध्ये असल्यास तो निवडावा, अन्यथा मोबाइल मनोऱ्याच्या क्षीण लहरीसच चिकटून राहतो.

वीज गेल्यावर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या तारेच्या दूरध्वनीस घरातील वीज लागत नसे. केंद्रातील बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच दोन तारांतून घरात येई. गावभर अंधार असला तरी फोन उचलताच सूर ऐकू येई. काच वीज वाहून नेत नाही. त्यामुळे काचतंतूवरील दूरध्वनीला लागणारी वीज घरातूनच द्यावी लागते आणि ती गेली की तिन्ही प्रकारचे इंटरनेट फोन त्याच क्षणी मुके होतात. पावसाळ्यात, वादळी रात्री वीज जाते. सर्पदंशही पावसाळ्यात अधिक. म्हणजे ज्या रात्री फोनची निकड सर्वाधिक, त्याच रात्री तो बंद पडण्याची शक्यताही सर्वाधिक. ज्या घरांनी मोबाइलची रेंज मिळत नाही म्हणून इंटरनेट फोन घेतला, त्यांच्याबाबत तर हा धोका दुहेरी आहे.

उपाय अवघड नाही. राउटर फार थोडी वीज घेतो, साधारण १० ते १२ वॅट. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाच्या लहान बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास ऊर्जा असते. प्रत्यक्षात ती पूर्ण वापरता येत नाही, तरी चार-पाच तासांची निश्चिती मिळते. राउटरसाठीचे तयार छोटे यूपीएसही बाजारात आहेत. घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर ताडून पाहावेत. बारा व्होल्टच्या जागी नऊ, किंवा नऊच्या जागी बारा, असे चालत नाही.

येथे एक चूक वारंवार घडते. काही घरांत ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असतात, तर काही घरांत दोन वेगळ्या पेट्या असतात. यूपीएस फक्त राउटरला जोडला जातो. वीज गेल्यावर राउटरचे दिवे लागलेले दिसतात, मोबाइलवर वाय-फायची खूणही दिसते, पण तंतूची पेटी बंद असल्याने फोन लागत नाही. दोन्ही पेट्यांना आधार हवा. बिनतारी दूरध्वनी संचाचा तळही विजेवरच चालतो. ओएनटीच्या खोबणीत साधा तारेचा संच लावला तर तो पेटीकडूनच आपली गरज भागवितो.

जोडणी घेतानाच सेवादारास विचारून ठेवावे की, केंद्रापासून घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारे एखादे उपकरण आहे काय, आणि त्यास बॅटरी आहे काय. खांबावरील पेटीत तसे उपकरण असल्यास आपल्या घरच्या बॅटरीने काम भागत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी याच दृष्टीने आपले कार्यालय पाहावे. जेथे गावातील जोडण्या पंचायत कार्यालयातील उपकरणांवरून पुढे गेल्या आहेत, तेथे सायंकाळी कार्यालय बंद करताना मुख्य बटण खाली करण्याची एरवी चांगली असलेली सवय साऱ्या गावाचा फोन तोडू शकते. त्या उपकरणांसाठी वेगळे बटण करून घेणे एका तासाचे काम आहे. बॅटरीतील पाणी किंवा तिचे आयुष्य पाहण्याची जबाबदारी मात्र नावाने कोणावर तरी सोपवावी लागेल. सर्वांची म्हणून ठेवलेली जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

वादळाच्या वेळी अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा, असा सल्ला दिला जातो आणि तो योग्य आहे. काचतंतूतून आकाशातील वीज येत नसली तरी घरातील वीजवाहिनीतून ती उपकरणात शिरते. बाहेरच्या तारेला आधारासाठी पोलादी तार असल्यास तीही घरातील धातूला टेकलेली नसावी. मग फोनचे काय? यूपीएसची पिन भिंतीतून काढावी. राउटर बॅटरीवर चालू राहतो, भिंतीशी संबंध तुटलेला असतो आणि फोन हाताशी राहतो. मात्र कडकडाट सुरू असता तारेचा संच कानाला लावू नये. तेव्हा वाय-फायवरील मोबाइल बरा.

आणखी एक सावधगिरी हवी. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये बोलणारा कोठे आहे हे पलीकडच्याला अचूक कळेलच असे नाही. १०८ वर रुग्णवाहिका मागविताना गाव, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही सांगावे. एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत असतात. पोड किंवा तांडा असेल तर मुख्य गावाचे नाव, आणि रस्त्यावरची शाळा, मंदिर, पूल अशी एखादी खूण सांगावी. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावा. घाबरलेल्या माणसाला, विशेषतः घरात एकट्या असलेल्या मुलाला, वाचून दाखविणे सोपे जाते. अंगणातील कोणत्या जागी मोबाइलला रेंज मिळते, तेही त्याच कागदावर लिहावे, कारण सर्व व्यवस्था करूनही कधीतरी तेथेच जावे लागेल.

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, घराचे मुख्य बटण बंद करावे आणि पाच मिनिटे थांबून एखाद्या नातेवाइकास फोन लावून पाहावा. आमच्या घरी पहिल्या चाचणीत फोन लागला नाही. यूपीएस जोडलेला होता, बॅटरीही भरलेली होती; यूपीएसपासून राउटरपर्यंतची पिन सैल बसली होती.